मेंढवाड्याची चौथी बाजू

वाशी, ता. ७ जानेवारी २०२५

तीर्थरूप मामांस कुलदीपचा शि. सा. नमस्कार, वि. वि.

पत्र लिहायचं दिवाळीपासून ढकलतोय. पेन घेतलं की काहीतरी निघतं. एकदा तर टेम्पोचा हॉर्न बदलायला उठलो आणि दोन गावं पुढं जत्रेतच जाऊन थांबलो. फौजेतल्या तोफखान्यानं तुमचे कान नेले, न्हायतर कालच फोन केला असता.

इथं खव्याची भट्टी टाकली हे मामीकडून कळलं असेल. शेजारची भट्टी शरणबसप्पा काकांची, तीस वर्षांची. बाजारात चारचौघांत ते म्हणाले की ह्या भटक्याची कढई होळीपर्यंत पालथी पडंल. लई लागलं. मग तुमचा मेंढवाड्यातला धडा आठवला: किल्ल्याच्या तटावर डोकं आपटायचं न्हाय, रसद तोडायची. त्यांचं दूध चार वाड्यांतनं यायचं. मी त्यांच्या तासभर आधी टेम्पो नेला, दूधवाल्यांच्या दारोदार पेंडीची पोती उतरवली. वीस दिवसांत चारी वाड्या माझ्या. हाटेलात सांगत सुटलो की हे येडशीच्या सुभेदार मामांचं शिक्षण.

काल सकाळी काकांची भट्टी थंड, चपला उंबऱ्यात, माणूस न्हाय. त्यांची पोरगी शिवलीला त्या चपला हातात घेऊन माझ्याकडं आली. भांडली न्हाय. एवढंच विचारलं, की बाबा कुठल्या वाटंनं गेले असतील, चारी वाटांवर तर तुझाच टेम्पो असतो. मामा, धडा बरोबर होता ना?

तुमच्या स्टेशनला खवा पोचवणाऱ्या धनाजीच्या हाती पत्र देतोय. रागवा, पण माया तोडू नका.

आपला,
कुलदीप

येडशी, ता. ८

चि. कुलदीपास अनेक आशीर्वाद.

पत्र तीनदा वाचलं. चहा तसाच निवला.

धडा बरोबर होता, तू पाऊण ऐकलास. मेंढरं तीन बाजूंनी दाबून दाखवली तोवर तू होतास. तेवढ्यात कुस्त्यांची हलगी वाजली आणि तू कुंपणावरून उडी टाकलीस. मी चौथी बाजू मेंढरांनाच समजावत बसलो. ती अशी: वेढ्यात एक वाट मुद्दाम सोडायची. वाट दिसली की शत्रू लढाई सोडून निघतो. न दिसली तर मारतो, न्हायतर मरतो. धंद्यात तर समोरच्याला मारायचंही नसतं. उद्या त्याच बाजारात दोघांनी बसायचं असतं.

आज एक वाडी सोड. स्वतः जाऊन शिवलीलाला सांग, वाद घालू नकोस. आणि माणूस सापडेपर्यंत माझं नाव हाटेलात घेऊ नकोस.

काळजीत असलेला,
ज्ञानोबा मामा

वाशी, ता. ९

तीर्थरूप मामांस सा. नमस्कार.

एक न्हाय, दोन वाड्या सोडल्या. धाकट्या वाडीच्या वळणावर एक मोर आडवा आला होता, पण ते जाऊ द्या. कॅन शिवलीलाच्या दारात ठेवले. ती म्हणाली की दूध आलं, आता ते आटवणारा माणूस आणून दे. तरी तिनं भट्टी पेटवली. काल मी आणि गावातल्या दोघांनी विहिरी पाहिल्या. दोर मी धरला होता. गळ खाली कशाला तरी अडकला, तसाच वर ओढला. बाभळीचं खोड निघालं.

तुमचाच,
कुलदीप

येडशी, ता. ९, दुपार

चि. कुलदीपास आशीर्वाद.

धनाजीनं तुझं पत्र हातात दिलं आणि त्याच्याच मागं फाटकातून एक म्हातारा आत आला. अनवाणी, पायाला भेगा. दोन दिवस इथल्या रामलिंगाच्या देवळात बसून होता म्हणे. तुझ्या मामीनं माझ्या कानात ओरडून नाव सांगितलं: शरणबसप्पा. माझ्या हातातून चष्मा पडला.

मामीच्या फोनवरून तो पोरीशी बोलला. नंतर दोन कप चहा घेतला. मला वाटलं, आता शिव्या देतो. तो म्हणाला, मामीनं ते माझ्या कानात पोचवलं, की तुमचा भाचा हाटेलात बसून तुमचं नाव सांगतो. त्याला शिकवलं ते मलाही शिकवा, फी काय ते सांगा.

धनाजी जायची घाई करतोय म्हणून थांबतो. शिवलीलाला चपला घेऊन पाठव, तूही ये. मी पाहुण्याला मेंढवाड्याकडं घेऊन चाललोय. यावेळी चौथ्या बाजूपासून सुरू करतो.

जीव भांड्यात पडलेला,
मामा