दोघींमधला दुभाषी

रविवार, १२ मार्च

ती. दादा,

नमस्कार. साष्टांग लिहिणार होते, पण माझे गुडघे आता कागदावरसुद्धा वाकत नाहीत. इकडे सगळं ठीक. तिकडे तू, वहिनी आणि मुलं मजेत असाल. मुलं म्हणायची आपली सवय, एव्हाना त्यांनाही टक्कल पडलं असेल. पत्ता तुझ्या शेवटच्या नववर्षाच्या कार्डावरून उतरवला आहे. तो बदलला असेल, तर जो कोणी हे वाचतो आहे त्यालाही माझा नमस्कार.

बाबा गेल्यापासून आपल्यात एक ओळ नाही आणि आता हिला एकदम काय झालं, असं तुला वाटेल. बातम्या साठल्या आहेत, म्हणून लिहिते.

पहिली बातमी, आपल्या रस्त्याचं नाव पुन्हा बदललं. नवी निळी पाटी लागली आहे आणि तिच्यावरचे गृहस्थ कोण, हे गल्लीत कोणालाच ठाऊक नाही. पोस्टमन म्हणाला, "ताई, तुम्ही आपलं 'बंदराचा उतार' लिहा, तेवढं पोचतं." उंटवाल्यांच्या काळात जे नाव होतं, ते आजही चालतं.

तू अजून उंटवाले, तोफवाले म्हणतोस की विसरलास? परवा जकातघराच्या कचेरीत माझ्या तोंडून गेलं आणि पठारावरून आलेला नवा साहेब बघतच राहिला. शाळेच्या पुस्तकात या राज्यांची नावं केवढी भारदस्त आहेत, आणि आपल्या घराण्याने प्रत्येकाला त्याच्या त्रासावरून ओळखलं. उंटवाल्यांचा वास, तोफवाल्यांचा आवाज आणि कागदवाल्यांचे शिक्के. आताचे पठारवाले. त्यांचा त्रास काय ते लिहीत नाही, पगार तेच देतात. आजोबा म्हणायचे, दगडापेक्षा वीट मऊ, आणि प्रत्येक नवं राज्य आलं की मान हलवून तेच म्हणायचे, वीट कोणती आणि दगड कोणता ते मात्र कधी सांगायचे नाहीत. बळी तो कान पिळी हे खरं, पण कान पिळणाऱ्यालाही मिरी, कापड आणि कातडी विकत घ्यावीच लागते, आणि त्यासाठी भाव करावा लागतो, आणि भाव करायला भाषा लागते. म्हणून राज्य बदललं की पहिले काही दिवस बाजार बंद असायचा, आणि मग दुभाष्यासाठी आपल्या घराचं दार वाजायचं.

दुसरी बातमी जकातघराची. छताची दुरुस्ती चालू आहे. खालचे खांब उंटवाल्यांचे, कमानी तोफवाल्यांच्या, मनोऱ्यातलं घड्याळ कागदवाल्यांचं आणि गळती आमच्या सरकारची. मोठ्या दालनातला गिलावा काढला, तर भिंतीला लागून एक लांब दगडी बाक निघाला. त्याला तीन खळगे पडले आहेत. दोन्ही टोकांना उथळ आणि मधला चांगला खोल. टोकाला एकीकडे घेणारा, एकीकडे विकणारा. ते येऊन जाऊन असायचे. मधला माणूस रोजचा. दुपारी सगळे जेवायला गेले, तेव्हा मी त्या मधल्या खळग्यात बसून पाहिलं. अगदी मापाने केल्यासारखा बसला रे! आपल्या घराण्याची बैठकच तशी भरघोस असणार.

बाबा आपल्याला जेवणाच्या टेबलावर शिकवायचे ते आठवलं. आई विकणारी, तू घेणारा, मी मधे. दुभाष्याने 'तो म्हणतो', 'ती म्हणते' असं म्हणायचं नाही. सरळ 'मी' म्हणायचं. विकणारा म्हणाला, मला परवडत नाही, की आपणही म्हणायचं, मला परवडत नाही. चुकून 'तो म्हणतो' निघालं की बाबा चमचा वाजवायचे. "तो म्हणतो म्हणालास, की तू बाजूला सरकलास. मग त्या दोघांनी एकमेकांशी बोलायचं कसं?" ती सवय इतकी मुरली आहे की एका भांडणात मी दुभाषी होते, आणि एका खलाशाच्या वतीने 'मी चोरी केलेली नाही' असं इतक्या तावातावाने म्हणाले, की शिपायाने माझीच पिशवी तपासली.

आई बरी आहे. हिवाळ्यात न्हाणीघरात पडली होती. हाड मोडलं नाही. डॉक्टर म्हणाले, मेंदूतली एक बारीक नस गेली आहे, आणि या वयात तेवढं चालायचंच. भूक चांगली आहे, दुधात पाव बुडवून खाते. बोलते भरपूर.

दूध उतू चाललं आहे. बाकी उद्या लिहिते.

बुधवार

दूध केव्हाच पुसून झालं. 'बाकी' लिहायला बसत नव्हते, एवढंच.

आई बोलते भरपूर, पण मला त्यातलं काही कळत नाही. पडल्यापासून ती फक्त कागदवाल्यांच्या भाषेत बोलते. आपली भाषा तिच्यातून गेली. डॉक्टर म्हणाले, असं होतं कधीकधी, नंतर शिकलेलं जातं आणि आधीचं राहतं. खरंच आहे. आपली बोली तिने लग्नानंतर शिकली, बाजारात भाव करता करता. त्याआधी आई नसलेली पोर म्हणून ती कागदवाल्यांच्या वसतिगृहातच वाढली होती. तुला ती भाषा तिच्या मांडीवर बसून आली. माझ्या वेळेपर्यंत कागदवाले जायला निघाले होते, त्यांच्या भाषेत खिडकीपाशी बोलणंही धोक्याचं झालं होतं, आणि मला पठारवाल्यांच्या शाळेत घातलं. तुम्ही दोघं स्वयंपाकघरात त्या भाषेत हसायचात, आणि मी आले की गप्प व्हायचात. मला वाईट वाटायचं. ते तुला कधी सांगितलं नव्हतं, आज सांगून टाकलं.

तर आता बघ. चार राज्यांचे सौदे जमवणारं हे घर, आणि त्यात आईचं बोलणं मुलीला समजावायला माणूस नाही. दिव्याखाली अंधार म्हणतात तो हा.

शेवटी मी मनोऱ्याच्या घड्याळजींना गाठलं. कागदवाल्यांच्या वेळी त्या घड्याळाला चावी द्यायचं काम त्यांच्याकडे होतं. त्यांना ती भाषा येते, मोडकीतोडकी. बिचारे रोज संध्याकाळी काम आटोपून येतात आणि खुर्ची आईच्या पलंगाजवळ ओढून बसतात. आई त्यांना बघून खुलते. हात हलवून, डोळे मोठे करून बोलत राहते. मग मी विचारते, "काय म्हणाली?" घड्याळजी खाली बघतात आणि सांगतात, "ती म्हणते, चहा छान झालाय."

एवढ्या मोठ्या बोलण्यात फक्त चहा? दादा, मी धंद्यातली आहे. लांब वाक्याचं आखूड भाषांतर झालं, की मधला माणूस काहीतरी गिळतो आहे, हे मला झोपेतही कळतं. काही दिवस मीच तिकडे कानाडोळा केला. आखूडच बरं वाटत होतं.

त्यातच एक गाढवपणा केला. घड्याळजींकडून एकच वाक्य शिकून घेतलं, 'आई, मी तुझी मुलगी आहे.' दिवसभर कचेरीत पुटपुटत होते, साहेबाला वाटलं मी त्याला शिव्या देते आहे. संध्याकाळी आईचे केस विंचरले, तिच्या समोर बसले आणि म्हटलं. आई लक्ष देऊन ऐकत होती. मग गोड हसली, माझ्या गालाला हात लावला आणि काहीतरी बोलली. माझा तर जीव भांड्यात पडला. मी घड्याळजींकडे वळले.

"ती म्हणते," ते चाचरत म्हणाले, "ती म्हणते, खूश आहे."

"घड्याळजी, 'ती म्हणते' नको. आमच्या घरात 'मी' म्हणायचं असतं. ती बोलली तसंच बोला."

"ताई, मला जमायचं नाही. ते 'मी' म्हणून माझ्या तोंडून निघायचं नाही."

"का?"

"तसं म्हटलं की ते खरं होतं."

मी म्हटलं, "खरं आहे ते आहेच. बोला."

मग त्यांनी टोपी काढून मांडीवर ठेवली आणि आईसारखंच थांबत थांबत बोलले, "तुझे उच्चार छान आहेत गं. पण तू कोणाची? मी तुला ओळखत नाही. तुझे हात मऊ आहेत, तू फार मनापासून करतेस माझं. मला एक मुलगा आहे. तो बोटीने गेलाय. तो आला की तुझी सुटका करीन. तुझ्या घरी आई वाट बघत असेल, जा आता."

आईने पुन्हा माझ्या गालाला हात लावला. घड्याळजी उठून खिडकीपाशी गेले आणि बंद नसलेली खिडकी उघडत राहिले.

हे मला लिहायचं नव्हतं. रस्त्याचं नाव, बाक, छत, सगळं लिहिलं ते याच्यासाठीच, की याच्यापर्यंत यायला उशीर व्हावा. आईला मी आठवत नाही, दादा. तू आठवतोस. तू कागदवाल्यांच्या शेवटच्या बोटीने त्यांचा दुभाषी म्हणून निघून गेलास, बाबांच्या शेवटालाही आला नाहीस, आणि तू तिच्या लक्षात आहेस. जी इथेच राहिली, तिला ती कोणाच्या तरी घरची मदतीला आलेली पोर समजते. आपला तो बाब्या म्हणतात, पण इथे कार्टंसुद्धा आपलं असल्याचं तिला माहीत नाही. मला तुझा फार हेवा वाटतो. रागही येतो. परवा मी तुझा जुना फोटो तिच्या उशाजवळून काढून कपाटात ठेवला, आणि तिने हाताने चाचपडून शोधलं तेव्हा लाजून परत आणून ठेवला. या वयात असले चाळे.

शेजारच्या शिंपीणबाई म्हणतात, "अगं, ओळखत नाही तर नाही, ती सुखात आहे ना?" आहे सुखात. एवढी सुखी मी तिला बाबा गेल्यानंतर पाहिली नव्हती. तिला हसताना बघून मलाही हसू येतं, कशाला हसतो आहोत ते कळत नाही तरी. डॉक्टरांनी काल पायावरची सूज दाबून पाहिली आणि म्हणाले, नातलगांना कळवायचं असेल तर कळवा. उन्हाळा निघेल का, मी विचारलं. त्यांनी पिशवी बंद केली. त्यांच्या बोलण्याला दुभाषी लागला नाही.

आता मागायचं ते मागते. बोट आता दर आठवड्याला येते आणि परवान्याची कटकट गेली आहे. तू ये. आईला भेटायला ये असं म्हणत नाही, तिला तू तसाही रोज भेटतोस. माझ्यासाठी ये. तिच्या-माझ्या मधे बस.

मला तिच्याशी बोलायचंय. तिने मला ओळखावं, असा हट्ट आता उरला नाही. नस गेली ती गेली. पण परक्या दोन माणसांना एकमेकांची ओळख करून देणं, हेच तर आपल्या घराने उंटवाल्यांपासून केलं. तीच ओळख मला आईशी करून दे. तिला विचार, वसतिगृहात ती कोणाशेजारी झोपायची? पहिल्यांदा समुद्र पाहिला तेव्हा घाबरली होती का? तुम्ही दोघं स्वयंपाकघरात कशाला हसायचात? तिच्या आयुष्याचा अर्धा भाग त्या भाषेत आहे आणि मी तिथे कधी गेलेच नाही. आणि माझंही तिला सांग. मी कुठे काम करते, मला काय येतं. ती म्हणेल, हुशार आहे हो ही पोर. तेवढं मला पुरेल. घड्याळजी भले आहेत, पण ते गिळतात. तू गिळू नकोस. ती जे म्हणेल ते 'मी' म्हणून सांग, कितीही लागलं तरी.

तुझ्यावर मी अजून रागावलेली आहे, हे आल्या आल्या तुला कळेलच. त्या रागाला मधे कोणी लागणार नाही, तो आपल्याच भाषेत आहे, आणि तो सगळा बोलून झाल्याशिवाय मी तुला परतीच्या बोटीवर चढू देणार नाही. पण तो नंतर. त्याला वेळ आहे. आईला नाही. लवकर ये.

आईच्या घरात राहणारी,
तुझी धाकटी