मुका रेडिओ उपटल्याचा वृत्तांत

तीर्थस्वरूप बाबांना,

साष्टांग नमस्कार. (आठ अंगांपैकी कंबर आणि मान सध्या कामातून गेलेली आहे, तेव्हा उरलेल्या अंगांचा गोड मानून घ्यावा. कंबर कशाने गेली ते पुढे येईलच.) तुमची तब्येत, आईंचे गुडघे, ताईंचा स्वभाव आणि त्या स्वभावाखाली साडूभाऊंचं वाढत चाललेलं मौन, सगळं जिथल्या तिथे असेल अशी आशा आहे. इकडे आम्ही दोघं ठीक. दवाखानाही बरा चाललाय. लोक गोड खातायत आणि दात न घासता झोपतायत, तोवर माझ्यासारख्या दातांच्या डॉक्टरला चिंता नाही.

फोन सोडून पत्र कशाला, असं तुम्ही म्हणाल. अहो, फोनवर तुम्ही 'गाडी बरी आहे ना?' एवढंच विचारता आणि मी तोंड उघडायच्या आत फोन आईंच्या हातात देऊन मोकळे होता. (दुसऱ्यांना तोंड उघडायला लावण्यात माझा जन्म चाललाय, आणि माझी पाळी आली की हे असं!) डोळ्यांच्या डॉक्टरांनी स्टिअरिंगला हात लावायचा नाही म्हणून सांगितलं आणि तुमचं काहीतरी बिनसलंच. गाडीची किल्ली रुमालात बांधून माझ्या टेबलावर ठेवलीत, चार दिवस म्हणून ताईंकडे गेलात, आणि आता तिथेच राहणार म्हणता. 'गाडी गेली हातातून, आता तिथे माझं काय काम' हे तुमचं वाक्य आईंनी धाकटीला सांगितलं, आणि तेव्हापासून तुमची ही धाकटी लेक रोज संध्याकाळी खालच्या मजल्यावर तुमच्या घरात जाते, खिडक्या उघडते, तुमच्या खुर्चीत थोडा वेळ बसते, खिडक्या लावते आणि वर येते. घरात हवा खेळावी म्हणून, असं म्हणते. डोळे लाल का, विचारलं तर धुळीने. रोज झाडून घेतलेल्या घरात एवढी धूळ कुठून येते, हे विचारायची माझी हिंमत होत नाही.

तर तिचं मन जरा रमावं, या एकाच शुद्ध हेतूने मी तुमच्या गाडीत नवा स्टिरिओ बसवायचं ठरवलं. (पुढचं वाचताना हा हेतू कृपा करून डोळ्यांपुढून हलू देऊ नका.) जुना रेडिओ मुका होऊन किती वर्षं झाली, कुणाला आठवतही नाही. आमच्या लग्नात तो नुसता खरखरत होता, पुढे तेही थांबलं. तरी गाडी सुरू करायच्या आधी तुम्ही त्याचं डावीकडचं बटण टक्कन वळवणार, मग डॅशबोर्डवर दोन थापा मारणार, आणि मगच किल्ली फिरवणार. हा तुमचा मंत्र म्हणून आम्ही सगळे तुमच्या पाठीमागे हसायचो. (तोंडावर हसायची प्राज्ञा कुणाची होती?) किल्ली माझ्याकडे आली तरी मंत्र चालूच राहिला, कारण धाकटी शेजारी बसलेली असायची आणि मी बटण विसरलो की तिचा हात आपोआप पुढे व्हायचा. मी तिला समजावलं की मेलेला दात तोंडात ठेवण्यात काही अर्थ नसतो, तो काढून तिथे चांगला नवा बसवावा. ती म्हणाली, बाबांना विचारून काय ते करा. मी विचारलं नाही.

आता तुम्ही म्हणाल, कारागिराकडे का नेली नाही. बाबा, ज्या माणसाने हाडात रुतलेल्या अक्कलदाढा उपटल्या, त्याला एक डबडं उपटता येऊ नये? दवाखान्यामागच्या अंगणात गाडी होतीच. एका पेशंटला भुलीचं इंजेक्शन दिलं, हिरडी बधिर होईपर्यंत बसा म्हटलं, आणि माझीच चिमटी, माझीच पक्कड आणि माझाच कपाळावरचा दिवा घेऊन गाडीत शिरलो. दात काढण्याआधी एक्स-रे काढल्याशिवाय हात लावू नये, हे माझ्याच दवाखान्यात माझ्याच अक्षरात भिंतीवर लिहिलेलं आहे. ते त्या वेळी मला आठवलं नाही. रेडिओ जरा हलवला, डावीकडे दाबला, उजवीकडे वळवला, आणि अशा सफाईने बाहेर काढला की मीच मला शाबासकी दिली. मग सहज किल्ली फिरवून पाहिली. काही नाही. हॉर्न दाबला. काही नाही. वायपर, दिवे, पंखा, सगळ्यांनी एकदम माझ्याशी अबोला धरला.

मग मी दात बघायचा छोटा आरसा त्या भोकात घातला, कपाळावरचा दिवा लावला आणि आत डोकावलो. बाबा, काय सांगू तुम्हाला! मी आजवर हजारो माणसांच्या तोंडात डोकावलोय, पण असं काही मी पाहिलेलं नाही. प्रत्येक तारेला वेगळ्या रंगाच्या लोकरीची गाठ. (आईंचा स्वेटर एका बाहीचाच का राहिला, हे कोडं सुटलं.) साबणाच्या डबीत ओळीने मांडलेले फ्यूज, वर झाकण, झाकणाला रबर. वाऱ्याची झडप उघडझाक करायला सायकलच्या ब्रेकची तार. स्पीडोमीटरला खालून टेकू म्हणून आईंचं ते उलथणं, ज्याच्यासाठी ताईंनी आणि धाकटीने एकमेकींवर आळ घेतला होता. आणि सगळ्यात आत, सगळा भार सांभाळत, एक निळा टूथब्रश. तो मी ओळखला. हिरड्यांसाठी खास म्हणून मीच तुम्हाला दिला होता, आणि 'फार उपयोगी पडला हो' असं तुम्ही दर वेळी आवर्जून सांगायचात! मला राग यायला हवा होता. पण मी त्या सीटवर वाकडा होऊन, तोंड उघडं टाकून, नुसता बघत राहिलो. कंबर गेली ती तिथे.

बधिर झालेला पेशंट मला शोधत अंगणात आला. भला माणूस. ओठ एका बाजूला लोंबतोय, धड बोलता येत नाही, पण गाडी ढकलायला लागला. (त्याचा दात मी नंतर फुकट काढला. त्याने निघताना माझ्याकडे ज्या नजरेने पाहिलं, त्यावरून तो पुन्हा येईलसं वाटत नाही.) अशी वरात काढत आम्ही कोपऱ्यावरच्या स्टिरिओवाल्याकडे पोचलो. हा कानांत सतत काहीतरी खुपसून बसलेला असतो आणि गिऱ्हाइकाचं अर्धंच ऐकतो. त्याने आधी रेडिओच्या भोकात नुसती नजर टाकली. मग कानातलं काढून खिशात ठेवलं. मग शेजारच्या बॅटरीवाल्याला हाक मारली, बॅटरीवाल्याने समोरच्या सीटकव्हरवाल्याला, आणि एकेक जण वाकून आत बघायचा, मागच्याला जागा द्यायचा आणि बाजूला जाऊन उभा राहायचा. त्यांचं म्हणणं असं पडलं की किल्लीपासून निघालेली तार सरळ इंजिनकडे न जाता रेडिओच्या त्या बटणातून फिरून जाते, म्हणजे बटण वळवल्याशिवाय गाडी सुरूच होऊ नये, आणि हॉर्नपासून वायपरपर्यंत बाकी सगळे त्याच डबड्याच्या पत्र्याला टेकून जगत होते. म्हणजे तुमचा मंत्र मंत्र नव्हताच! आम्ही इतकी वर्षं हसलो ते कशाला, देव जाणे. (दोन थापांचं कारण मात्र त्यांनाही सापडलं नाही.) शास्त्राप्रमाणे ही गाडी चालायलाच नको होती, असं बॅटरीवाला म्हणाला. हे करणारा माणूस आहे का अजून, असंही त्याने विचारलं. मी छाती पुढे काढून सांगितलं, आहे म्हणजे काय, माझे सासरे आहेत. कंबर दुखत असूनही छाती पुढे निघाली, बाबा.

स्टिरिओ मात्र बसला. जुन्या रेडिओच्या जागेपेक्षा हा दुप्पट उंच, त्यामुळे डॅशबोर्डचा काही भाग कापावा लागला. (किती, ते तुम्ही प्रत्यक्षच बघा, पत्रात लिहिण्यासारखं नाही.) बॅटरीपासून त्याला सरळ तार दिली आणि त्याची काच उजळली तेव्हा मला खरंच भरून आलं. काय तो प्रकाश! काय तो आवाज! दरवाजातून येतो म्हणावा तर छतातून येतो, छतातून म्हणावा तर पोटातून. गाडी मागे घेताना मागचं दिसतं, फोन आला की नाव दिसतं, आणि नकाशावर आपण स्वतः एक निळा बाण होऊन दिसतो. आता गाडी जागची हलत नसल्यामुळे आमचा बाण दुकानाच्या दारात ठाम उभा होता, आणि आतली बाई न चिडता, न थकता, पुन्हा पुन्हा सांगत होती की सरळ पुढे जा. इतका संयम मी माणसांत पाहिलेला नाही, सासरच्या माणसांत तर नाहीच. (आईंना हे वाचून दाखवू नये.) पण गाडी चालू करायचं काही त्या मंडळींना जमेना. शेवटी सगळ्यांनी हात टेकले, आणि आम्ही दोरी बांधून गाडी ओढत घरी आणली आणि तुमच्या खिडकीखाली, तिच्या नेहमीच्या जागी लावली.

धाकटी खाली आली. मला वाटलं आता माझी धडगत नाही. पण ती सरळ गाडीत शिरली. तुमच्या सीटवर बसली आणि तिचा हात सवयीने बटणाकडे गेला. तिथे बटण कुठलं? बोट काचेला लागलं. काचेला वाटलं काहीतरी हुकूम झाला, आणि ती बाई अतिशय अदबीने म्हणाली, कुठे जायचं आहे? धाकटी म्हणाली, बाबांकडे. बाईने जरा शोधाशोध केली आणि असं ठिकाण सापडत नाही म्हणून सांगितलं. त्यानंतर तुमची लेक जे रडली, ते मला लिहिता येणार नाही. त्या दिवशी धुळीचं नावसुद्धा तिने काढलं नाही.

असो. एकूण हे असं आहे. तुम्ही तिकडे सुखात आहात, ताई तुमचं सगळं वेळेवर करतात, हे आम्हाला माहीत आहे आणि त्यात आम्हाला समाधानच आहे. आमची काळजी करू नये. गाडी उन्हात उभी आहे, तिचीही करू नये. आईंना नमस्कार, ताईंना आणि साडूभाऊंना जसा ज्यांना चालेल तसा. प्रकृतीला जपावं, आणि नवा टूथब्रश वेगळ्या पाकिटातून पाठवतोय, तो कृपया दातांनाच लावावा.

तुमचा, लायक असो वा नसो,
धाकटा जावई

ता. क. कुठली तार कुठे जाते याचा एखादा नकाशा तुमच्याकडे असल्यास पाठवावा. नसणार हे मला ठाऊक आहे, तो तुमच्या डोक्यात आहे. तेव्हा डोकंच पाठवावं, आणि ते एकटं येत नसल्यामुळे तुम्ही बरोबर यावं. डॉक्टरांनी गाडी चालवू नका म्हटलंय, चालू करू नका असं काही म्हटलेलं नाही. मी स्वतः जाऊन त्यांना विचारून आलोय.

ता. क. दोन. उलथण्याबद्दल आईंना बोलू नये. परत काढलं तर स्पीडोमीटर खाली बसतो.

ता. क. तीन. हे फक्त तुमच्यासाठी, वाचून झाल्यावर फाडून टाका. परवा स्टिरिओवाला काचेभोवतीची चौकट बसवायला घरी आला होता. धाकटी तेव्हा बाहेर गेली होती. त्याने खुडबुड करता करता एक पिवळी तार शोधली, दुसरीला जोडली, आणि गाडी पहिल्या झटक्यात सुरू झाली, हॉर्नसकट! मी त्याचे आभार मानले, त्याला चहा पाजला, आणि तो गेल्यावर ती पिवळी तार माझ्या हाताने उपटून ठेवली. तुमची वाट बघतेय ती. आल्यावर मात्र लगेच सापडल्यासारखं करू नका, चांगला आठवडाभर शोधा. धाकटीला यातलं काही ठाऊक नाही.

बाबा, पत्र पेटीत टाकायला यांनी माझ्याकडेच दिलं, म्हणून खाली मी लिहितेय. पिवळी तार मला त्याच संध्याकाळी दिसली. दुसऱ्या दिवशी हे दवाखान्यात गेल्यावर मी जोडून पाहिली, गाडी चालू झाली. मग मी ती परत काढली, आणि बरोबर एक निळीही ओढली, माझ्या मनाने. आता ती कुठली होती ते मला आठवत नाही, आणि पिवळी जोडली तरी काही होत नाही. थापाही मारून पाहिल्या. यांना अजून पत्ता नाही. आता मात्र गाडी खरंच बंद पडलीय, बाबा. या ना.