जिना माझा, माडी त्याची

आमच्या शाळेत एका खोलीत दोन इयत्ता बसायच्या. गुरुजींनी पट्टी टेबलावर आपटली की सगळी पोरं एका सुरात कविता म्हणायची. ओळ संपायची, खोली गप्प व्हायची, आणि मग अर्धी ओळ मागे राहिलेला एक बारीक आवाज एकटाच शेवटापर्यंत चालत यायचा. तो माझ्या धाकट्या भावाचा. सगळे खिदळायचे. तो थांबायचा नाही. ओळ पुरी करूनच खाली बसायचा.

वकीलबाई म्हणाल्या होत्या, "काका, स्मरणशक्ती शाबूत असल्याचं सुरुवातीलाच लिहा." वरच्या परिच्छेदाने ते काम झाले असे मी समजतो. ज्यांना माझ्या डोक्याविषयी शंका आहे, आणि असे लोक माझ्याच छपराखाली राहतात, त्यांनी तो पुन्हा वाचावा.

सबब मी, खाली सही करणारा, वयाने पिकलेला, व्यवसायाने निवृत्त नकाशाकार, कोणाच्या धाकात किंवा भरीस न पडता, चहा पिऊन, पूर्ण शुद्धीत हे मृत्युपत्र लिहून ठेवीत आहे. यापूर्वी मी लेखी काही केलेले नाही. तोंडी जे कोणाला देऊन टाकले ते रागाच्या भरात दिले, ते रद्द समजावे.

कलम पहिले. मिळकत

माझ्या मालकीचे घर म्हणजे अर्धे घर. उरलेले अर्धे भिंतीपलीकडे माझ्या भावाचे आहे.

वडील गेल्यावर वाटणीला बसलो, तेव्हा भाऊ चार माणसांदेखत म्हणाला, "दादाला घर कागदावर उभं करता येतं, जमिनीवर नाही." मी त्यावेळी कचेरीत लोकांच्या घरांचे नकाशे ट्रेसिंग कागदावर उतरवीत असे, म्हणून हा टोमणा. मी जे उत्तर दिले ते कायदेशीर कागदात लिहिण्याजोगे नाही. मग दोघांनीही हट्ट धरला की भिंत बरोबर मधोमध पाहिजे. बोटभर इकडे नको, बोटभर तिकडे नको. गवंडी डोके खाजवीत म्हणाला, "अहो, मध्ये जिना येतोय, खिडकी येतेय." आम्ही दोघे एकदम म्हणालो, "तू दोरी सरळ धर." वाटणीत आमचे एकमत झाले ते एवढ्याच एका वाक्यावर.

त्याने दोरी सरळ धरली. भिंत चढली ती खिडकीच्या पोटातून आणि जिन्याच्या वरच्या पायरीला नाक लावून. खिडकीचे एक दार मला, एक त्याला. जिना माझ्याकडे आला आणि जिना जिथे जातो ती माडी त्याच्याकडे गेली. तेव्हापासून माझ्या दिवाणखान्यात भिंतीपर्यंत जाणारा एक सुबक जिना आहे, आणि माझा भाऊ बाहेरून लोखंडी शिडी लावून झोपायला जातो. त्याचे आणि माझे बोलणे नाही. माझी बायको आणि त्याची बायको अर्ध्या खिडकीतून बोलतात. इतक्या बोलतात की पूर्ण खिडकी असती तर घरात वारा यायला जागा उरली नसती.

कलम दुसरे. नवे घर म्हणून जे दाखवण्यात आले त्याविषयी

मुलाच्या मनात आले की आपली बाजू पाडून नवे घर बांधावे. आर्किटेक्टबाई आल्या. वयाने माझ्या मुलीएवढ्या, हसऱ्या, हातात वही नाही की पेन्सिल नाही. "प्रत्येकाने आपापलं स्वप्न सांगा," म्हणाल्या. स्वप्न! मी कवितेचा माणूस आहे, मी कान टवकारले.

मुलाचे स्वप्न एक काळोखी खोली, तिच्यात भिंतभर पडदा. सुनेचे स्वप्न भिंती नसलेले स्वयंपाकघर. या घरात स्वयंपाक माझी बायको करते आणि सूनबाई बाहेरून मागवतात. मागवलेले डबे उघडण्याचा सोहळा सर्वांना दिसावा म्हणून भिंत काढायची. मुलीचे स्वप्न वेगळा दरवाजा. "आलं-गेलं कोणी विचारायला नको, बाबा." कोण विचारते? मी हाक मारतो तेव्हा हिच्या कानात गाण्यांची बोंडे असतात.

बायको म्हणाली, "मला माझी अर्धी खिडकी ठेवा. बाकी काय करायचं ते करा."

पंधरवड्याने संगणकावर रंगीत चित्र आले. आमच्या दिवाणखान्यात एक अनोळखी कुटुंब दात काढून बसले होते. "हे कोण?" मी विचारले. "काका, ते नुसतं दाखवायला." माझ्या खोलीत मात्र दाखवायलाही कोणी बसवलेले नव्हते. पहिल्या नकाशात ती खोली दर्शनी होती. दुसऱ्यात ती मागे सरकली. तिसऱ्यात एका चौकोनात लिहिले होते: "बाबा / अडगळ". मी जन्मभर नकाशे काढले आहेत. चौकोनात तिरकी रेघ मारून दोन नावे लिहिली की तिचा अर्थ काय, हे मला शिकवू नये. पहिले नाव गेले की दुसऱ्याला जागा होते.

आणि जिना? आर्किटेक्टबाईंनी तो खालून वर पाहिला, मग वरून खाली.

"काका, हा जातो कुठे?"

"माझ्या भावाकडे."

"पण वर भिंत आहे."

"आहे."

"मग जात नाही ना कुठे."

सूनबाईंना हसू आवरेना. जिन्यावर तांबडी फुली पडली आणि त्या जागी चपलांचे कपाट आले. ज्या पायऱ्यांवर बसून आम्ही दोघा भावांनी पाठांतर केले, मी वरच्या पायरीवर आणि तो खालच्या, तिथे आता जोडे ठेवायचे. मुलगा म्हणाला, "बाबा, भावनेच्या भरात जागा वाया घालवू नका." भावनेचे माप कोणत्या टेपने घेतात, ते त्याने मला एकदा दाखवावे.

कलम तिसरे. घराची व्यवस्था

माझ्या पश्चात माझे अर्धे घर माझ्या पत्नीच्या ताब्यात तिच्या हयातीपर्यंत राहील. त्यानंतर मुलगा आणि मुलगी यांना समान. अट अशी की नवे घर बांधायचे तर सोबत जोडलेल्या, माझ्या हाताने शाईत काढलेल्या नकाशाप्रमाणेच बांधावे. त्यात दर्शनी दरवाजा एकच आहे. मुलीला स्वतंत्र किल्ली द्यावी. स्वयंपाकघराला भिंत आहे आणि भिंतीला दार आहे. सूनबाईंनी ते वापरून पाहावे. अर्धी खिडकी जागच्या जागी आहे. मुलाला काळोख हवा आहे, तो जिन्याखाली भरपूर आहे आणि फुकट आहे. "अडगळ" या नावाची खोली माझ्या नकाशात नाही. आपल्या घरात अडगळ काय आहे हे ज्याचे त्याने ठरवावे, भिंतीवर लिहू नये.

ही अट मोडल्यास दोन्ही मुलांचा हिस्सा माझ्या भावाकडे जाईल. मग त्याची लोखंडी शिडी तेवढी मागून घ्या.

कलम चौथे. जिना

जिना मी माझ्या धाकट्या भावास देतो.

वकीलबाई म्हणाल्या, "काका, नुसता जिना कसा देता येईल? खालची जमीन?" जमीन माझ्या घराची, पायऱ्या त्याच्या. त्यांनी सुस्कारा सोडून "वापराचा कायम हक्क" असे शब्द सुचवले, ते मी मान्य केले.

वरची भिंत त्याने त्याच्या बाजूने फोडावी. माझ्या बाजूने हातोडा लागणार नाही. मानपान मलाही आहे. तिथे दार बसवावे, त्याला कडी कोणत्याही बाजूने असू नये. माडीवर जाताना त्याला माझ्या दिवाणखान्यातून जावे लागेल. जाताना बोललेच पाहिजे असे बंधन नाही.

याला कोणी क्षमा म्हणू नये. मला जमिनीवर घर उभे करता येत नाही म्हणणाऱ्याला मी क्षमा का करावी? कारण एवढेच की त्या शिडीचा आवाज मला ऐकवत नाही. पूर्वी तो धडधड चढायचा. आता मध्यावर थांबतो. भिंतीला कान न लावताही कळते. थांबतो, श्वास घेतो, मग पुढे. एखाद दिवशी तो मध्यावरच राहील आणि लोक म्हणतील, थोरल्याकडे जिना होता.

हे बायकोला वाचून दाखवले तर ती म्हणाली, "अहो, मेल्यावर कशाला? आत्ता द्या की. तुम्ही जाईपर्यंत त्यांचे गुडघे राहणार आहेत का?"

"जिवंतपणी दिला तर मी नमलो असं होईल."

"आणि मेल्यावर दिलात तर?"

"तर तो नमेल. डोळे पुसत चढेल."

"छान," ती म्हणाली. "दोघांपैकी एक गेल्याशिवाय या घरात कोणी वर जायचं नाही, असंच ना?" आणि ती तरातरा खिडकीकडे निघून गेली. या बाईला कवितेचे काही अंग नाही.

कलम पाचवे. किरकोळ

बँकेतील शिल्लक पत्नीस. तिने ती मुलांना उसनी देऊ नये.

ड्रॉइंग बोर्ड, टी-स्क्वेअर आणि शाईची पेने मुलाला हवी आहेत, कारण ती दिवाणखान्याच्या भिंतीवर "जुन्या काळाची शोभा" म्हणून टांगता येतील. त्याला देऊ नयेत. ती आर्किटेक्टबाईंना द्यावीत. ती पोर वाईट नाही. एक घर तिने हाताने काढून पाहावे. रेघ ओढताना हात दुखला की माणूस कोणाची खोली खोडायची याचा दोनदा विचार करतो.

शाळेची कवितेची पुस्तके, पुठ्ठे गेलेली, या घरात जो एक कविता फोनमध्ये न बघता म्हणून दाखवील त्याला. कोणीच निघाले नाही तर, आणि मला तीच खात्री आहे, शाळेला. भावाला देण्याची गरज नाही. त्याला सगळ्या पाठ आहेत, उशिरा का होईना.

कलम सहावे. जुने हिशेब

गवंड्यावर माझा राग नाही; त्याने सांगितले होते. मुलावर आहे, तो त्याचा नकाशा फाडल्यावर संपेल. भावाच्या त्या वाक्यावर आहे, आणि तो मी बरोबर नेणार आहे. माणसाने रिकाम्या हाताने जाऊ नये.

येणेप्रमाणे मृत्युपत्र मी स्वतःच्या अक्षरात लिहिले, वाचून पाहिले, आणि एका काना-मात्रेचाही मला पश्चात्ताप नाही.

स्थळ: राहते घर, जिन्यालगतचे टेबल.

तारीख: दोन्ही साक्षीदारांदेखत सही होईल ती.

साक्षीदार पहिला: शेजारचे शिंपी. आलेले आहेत, पेन उघडून बसलेले आहेत.

साक्षीदार दुसरा: निवृत्त पोस्टमास्तरांनी येतो म्हणून सांगितले होते, अद्याप पत्ता नाही. जागा रिकामी.

सहीपूर्वी जोडलेली नोंद. पोस्टमास्तरांची वाट पाहत मी शाळेतली एक कविता गुणगुणत होतो. ओळ संपवून थांबलो, आणि अर्धी ओळ मागून तीच ओळ दाराबाहेरून चालत आली. शेवटापर्यंत. मग कडी वाजली. बायकोने इतक्या झटकन दार उघडले की ती दाराशीच उभी होती हे उघड आहे. अर्ध्या खिडकीतून काय काय गेले असेल, तेही उघड आहे.

दारात भाऊ. केस सगळे पांढरे. भिंतीपलीकडून केस दिसत नाहीत.

"वहिनी, जिना पाडताय म्हणे?"

"मला काय विचारता? ते बसलेत, त्यांना विचारा."

तो माझ्याकडे वळला. "दादा, माझ्या जिन्याला कोणी हात लावायचा नाही. सांगून ठेवतो."

माझ्या, म्हणे!

शिंपी खूश झाले. "अहो, आला की दुसरा साक्षीदार! या, इथे सही ठोका आणि मोकळे करा आम्हाला." भाऊ पुढे झाला आणि त्याने खिशातले पेन काढले. मी कागदावर पंजा ठेवला.

"तू नाही."

"का? मी परका?"

ज्याला मृत्युपत्रात काही मिळते त्याने साक्षीदार म्हणून सही करायची नसते, असे वकीलबाईंनी बजावले आहे. शिंप्यांना ते ठाऊक नाही. भावाला ठाऊक आहे की नाही, कोण जाणे. पंजा मी उचललेला नाही. तो पेन हातात धरून उभा आहे, माझ्या पंजाकडे बघतो आहे, मग जिन्याकडे, मग पुन्हा पंजाकडे. बायको त्याच्यासाठी खुर्ची ओढते आहे.

त्याला वेळ लागेल. तो नेहमीच अर्धी ओळ मागे असतो. पण ओळ पुरी करतो.