केळझरच्या पेटीला बांधलेल्या दोराबाबत

प्रति,
मा. शाखा अभियंता,
दूरध्वनी कार्यालय, सेलू, जि. वर्धा

विषय : लाइनमन लखन मडावी यांचा दोष नसल्याबाबत व खरा दोषी कळविण्याबाबत.
संदर्भ : त्यांना मिळालेली नोटीस, दि. ९ ऑगस्ट २००४.

महोदय,

अर्जदार तानबा पुनाजी कामडी, वय ७१, केळझरच्या गणपती मंदिराच्या वाटेवर नारळाचे दुकान लावतो. गप्पा रचून सांगण्याबद्दल तो पंचक्रोशीत ओळखला जातो, हे आधीच कबूल केलेले बरे.

१. दर संकष्टीला मंदिराकडे गाड्यांची कोंडी झाली की प्रेरणाताईंच्या संगणक केंद्रातले नेटवर्क बंद पडे. पोरापोरींचे परीक्षेचे अर्ज अर्ध्यात अडकत. दुसऱ्या दिवशी लखन येऊन पाही, तर सारे ठीक. शेवटी त्याने अर्जदाराला विचारले, "खरं सांगा न काका, हे चतुर्थीलेच काऊन बंद पडून राह्यलं?"

२. अर्जदाराने सांगितले की रस्त्यावर एस.टी. आणि ट्रॅक्टर समोरासमोर अडकले की जमिनीखालच्या तारेतला मजकूरही थबकतो; पार नागपूरपर्यंत अक्षरांची रांग लागते आणि मागची अक्षरे पुढच्यांना ढकलतात. लखन भोळा. त्याने आपल्या रजिस्टरात लिहिले, 'वाहनांच्या गर्दीमुळे नेटवर्क बंद.' त्यावरून त्याला नोटीस मिळाली. नऊ वर्षे रोजंदारीवर काढून यंदा कायम व्हायचा होता.

३. लिहायला हात धजत नाही, पण लखनने लिहिले ते खरेच आहे. गर्दीच्या दिवशी गाड्या दुकानात शिरू नयेत म्हणून अर्जदार दुकानाच्या बांबूपासून रस्त्याकाठच्या आपल्या कार्यालयाच्या लोखंडी तारपेटीच्या कडीपर्यंत दोर ताणतो. कोंडीत मागे सरकणारी गाडी दोराला रेटते, पेटी हलते, आतल्या तारा सुटतात. गर्दी ओसरली की दोर ढिला पडतो, तारा पुन्हा टेकतात. संध्याकाळी अर्जदार दोर सोडून घरी नेतो, म्हणून लखनला तो कधी दिसला नाही. दुकान उठवतील या भीतीने अर्जदाराने मधली एवढीच गोष्ट गिळली.

४. परवा अर्जदाराने चौकात सर्वांदेखत हे सांगितले. लोक हसले. फुलवाल्या मंदाबाई म्हणाल्या, "याच्यापेक्षा मागची गोष्ट खरी वाटे." आणि ज्याच्यासाठी सांगितले तो लखनच अर्जदाराच्या पायाला हात लावून म्हणाला, "काका, माह्यासाठी आता नवीन गोष्ट नका रचू."

तरी लखनची २३ तारखेची चौकशी संकष्टीपर्यंत थांबवावी. त्या दिवशी आपण स्वतः यावे, दोर बांधायला लावावा, गाड्या अडू द्याव्यात आणि प्रेरणाताईंच्या केंद्रात बसून पाहावे. नंतर दुकान उठवायचे तर खुशाल उठवावे.

मात्र तोवर अर्जदाराला कोणापुढेही एक शब्द बोलू देऊ नये, ही हात जोडून विनंती.

आपल्यासमोर मान खाली घालून,
तानबा पुनाजी कामडी
(सही)
केळझर, दि. १६ ऑगस्ट २००४

सोबत : दोर, बारा हात, एक नग. संकष्टीला परत मिळावा.