खांबावरचा माझा आवाज

मी, रेडिओवरची निवृत्त निवेदिका, ठणठणीत डोक्याने आणि कोणीही भरीस न घालता हे मृत्युपत्र लिहीत आहे. शरीराचे म्हणाल, तर डॉक्टरांनी हात टेकले आहेत.

१. राहते घर व बँकेतील शिल्लक माझ्या एकुलत्या एका मुलीस मिळावी. शिवणयंत्र धाकट्या जावेला मुळीच देऊ नये. मागून नेले, सुई मोडून आणले, वर म्हणाली, "आधीच मोडकी होती." मोडकी सुई मी जपून ठेवली आहे, ती तिला द्यावी.

२. माझा आवाज माझ्या मालकीचा नाही. बड्या राष्ट्रांनी एकमेकांवर अण्वस्त्रे रोखली तेव्हा सरकारने तो रेकॉर्ड करून घेतला: "नागरिकहो, हल्ला होत आहे. तळघरात जा." आधी "ही चाचणी आहे" जोडून तो दर महिन्याला गल्लोगल्लीच्या खांबांवरून वाजतो. रेकॉर्डिंग करून घेणारे सरकारी साहेब म्हणाले होते, "बाई, मुलीला शाळेसाठी उठवता ना, तसं बोला." मी तसेच बोलले. पुढे मुलगी स्वतःच गजर लावू लागली. म्हणायची, "आई, तू हाक मारलीस की आधी तळघर आठवतं."

माझ्यामागे तरी आवाज बदला, असा अर्ज केला. साहेब हसले. "लोक याच आवाजाचं ऐकतात. आणि आपली तयारी दिसली की शत्रू बटण दाबत नाही."

"मग धोका टळल्याचं वाक्य कधी रेकॉर्ड करायचं?"

साहेब चहा ढवळत राहिले. "ते ठरलेलं नाही, बाई."

मेल्यांनो, लोकांना खाली धाडता आणि वर बोलवायचा पत्ता नाही!

३. पोरी, तुझ्या खिडकीसमोरच खांब आहे. मी गेल्यावरही दर महिन्याला तुला हाक मारीन. खिडकी लाव, रड, मला शिव्या घाल. पण "ही चाचणी आहे" हे शब्द आले नाहीत, तर एकदा तरी आईचे ऐक. नातीला उचल आणि खाली जा.

४. तुझ्या तळघरात टेपरेकॉर्डर ठेवला आहे, सेल घालून. त्यात मी एवढेच बोलले आहे: "झालं हं बाळा सगळं. चल, वर जाऊ." केव्हा लावायचे ते तू ठरव. वर जाता येत नसेल, तरी नातीला झोपताना ऐकव.

सही: निवेदिका
ठिकाण: माझे स्वयंपाकघर
दिनांक: चाचणीचा सोमवार

साक्षीदार: शेजारचे दातांचे डॉक्टर (सही), रेडिओवरचे जुने ध्वनिमुद्रक (सही)

आम्हा दोघांसमक्ष बाईंनी शुद्धीत सही केली. सही अर्धी असताना बाहेर खांब खरखरला. "ही चाचणी आहे" हे शब्द कानी पडेपर्यंत बाईंचे पेन जागेवरून हलले नाही. आमचा श्वासही नाही.