उंचीचं कारण

सर, आज दुपारी आपल्या पोरींची मॅच मोबाईलवर बघितली. आशियातल्या देशांची वॉटरपोलो स्पर्धा, आणि भारताच्या संघात आपल्या पोहण्याच्या तलावातली एक मुलगी. कुरुंदवाडची आहे, माझ्याच हाताखाली शिकली. तुम्ही असतात तर आधी चार जणांना उगीच शिव्या घातल्या असत्यात आणि मग पेढे वाटले असतेत. मी ओट्यावर मोबाईल टेकवून उभी होते. पहिल्या काही मिनिटांतच कळलं की आपण हरणार, आणि कसे हरणार तेही कळलं, कारण मी स्वतः अगदी तशीच हरले होते.

आपल्या तलावाचा अर्धा भाग छातीइतक्या पाण्याचा. वॉटरपोलोत तळाला पाय टेकायचा नसतो, म्हणून तुम्ही मधोमध दोर बांधायचात आणि सगळा खेळ खोल अर्ध्यातच चालायचा. एकदा दमून मी दोराखालून पलीकडे सरकले आणि उभी राहिले. तुम्ही काठावरून ओरडलात, "टेकलास पाय? मग हितं कशाला आलीस? रंकाळ्यात जा, म्हशींच्यात बस!" सगळ्या मुली फिदीफिदी हसल्या. संध्याकाळी मात्र गंगावेशीत नेऊन मला धारोष्ण दूध पाजलंत आणि म्हणालात, "तळ हाय हेच डोक्यातनं काढून टाक." त्या म्हशींचा राग मला अजून येतो. पण तुमच्याइतका सरळ माणूस मी दुसरा पाहिला नाही.

मग माझी निवड झाली, याच स्पर्धेसाठी. तिथला तलाव या टोकापासून त्या टोकापर्यंत खोल. आम्ही गोलवर जायचो, बॉल हातातून सुटायचा, आणि आम्ही वळेपर्यंत त्यांच्या मुली आमच्या गोलसमोर. संघातल्या बहुतेक जणी माझ्यासारख्याच अर्ध्या तलावांत वाढलेल्या, एवढं लांब माघारी यायची आम्हाला सवयच नव्हती. तिसऱ्या मॅचला हे माझ्या ध्यानात आलं. परतले तेव्हा तुम्ही स्टँडवर घ्यायला आला होतात, हातात कोरा टॉवेल. तिथेच विचारलंत, "आपलं काय चुकलं? खरं सांग." दोर चुकला असं म्हणायला माझी जीभ रेटेना. तुमचा अख्खा जन्म त्या दोराला बांधलेला. मी म्हटलं, "काय न्हाय सर, त्या पोरी लई उंच हायत."

तेवढं एक वाक्य तुम्ही धरून बसलात. टेप घेऊन कागलपासून कुरुंदवाडपर्यंत शाळा पालथ्या घातल्यात, मुलींना भिंतीला उभं करून मापं घेतलीत. पाण्यात मासोळीसारख्या फिरणाऱ्या बुटक्या मुली माघारी पाठवल्यात. त्यांतली एक फाटकाबाहेर बसून रडत होती, मी बघितलं आणि गप्प राहिले. शेवटच्या दुखण्यातही तुमचं एकच, "उंच पोरगी घावली का?" तुम्ही गेल्यावर शिकवणं माझ्याकडे आलं. दोर आता मी बांधते. सोडला तर मुली पाय टेकतात, बांधला तर माघारी यायला शिकत नाहीत. इकडे आड, तिकडे विहीर. पूर्ण खोल तलावासाठी अर्ज करणं मी केव्हाच सोडून दिलं. आजची मुलगीही मी उंची बघूनच निवडली होती. दुसरं काय बघायचं, हे मला कुणी शिकवलंच नाही, आणि ज्यांनी शिकवलं असतं त्यांना मीच फसवलं.

मॅच संपल्यावर तिचा फोन आला. आवाज पार बसलेला. "मॅडम, काय चुकलं हो आमचं?"

सर, इतक्या वर्षांनी खरं बोलायची संधी पुन्हा समोर आली होती, आणि माझ्या तोंडून निघालं, "काय न्हाय गं, त्या पोरी उंच हायत."

ती म्हणाली, "न्हाय वो मॅडम. हात मिळवायला रांगेत उभारलो तवा बघितलं की. निम्म्या तर माझ्या खांद्याला लागत्यात."

हे पत्र कुठल्या पत्त्यावर टाकू? वहीतच राहील. ती परवा येईल आणि समोर उभी राहून पुन्हा विचारेल. तेव्हा काय सांगायचं, मला ठाऊक नाही. आज तिला म्हटलं, "आवाज तुटतोय बघ, रेंज न्हाय," आणि फोन ठेवला. रेंज चांगली होती, सर.