पोलय्या परत येतोय

प्रिय अन्नय्या,

फोनवर तुझ्याशी बोलायला घेतलं की तेवढ्यात तुला निर्मात्याचा दुसरा फोन येतो. म्हणून हे लिहायला बसलेय. मी फार घाबरलेय रे. यामिनीला शाळेतून यायला जरा उशीर झाला की चपला न घालताच रस्त्यावर जाऊन उभी राहते. शेजारच्या सूर्यकांतम्मा परवा म्हणाल्या, "काय गं वाणी, पोरगी आठ वर्षांची झाली, अजून किती जीव टांगून ठेवशील?" त्यांना काय सांगणार? माझ्या सख्ख्या भावाने लिहिलेल्या सिनेमाची मला भीती वाटते, असं म्हटलं तर हसतील.

'पोलय्या' पहिल्यांदा लागला तेव्हा आपलं राजमहेंद्री कसं वेडं झालं होतं, ते तू हैदराबादेत बसून ऐकलंस, मी डोळ्यांनी पाहिलं. आमचे हे, यामिनीचे नान्ना, दुकानाला कुलूप लावून पहिल्या खेळाला गेले होते. कटआउटवर दूध ओतणाऱ्यांत तेच सगळ्यात वर, शिडीवर. "माझ्या बावाने लिहिलाय, बायकोच्या सख्ख्या भावाने!" हे तिकीट फाडणाऱ्यालाही सांगून झालं. आणि मग तो शेवट. पुरातून अख्खं गाव काठाला आणून सोडलेला नावाडी पोलय्या शेवटच्या म्हातारीसाठी परत पाण्यात जातो आणि येतच नाही. त्याची चिमुरडी एकटीच वल्हं मारत नाव काठाला लावते. थिएटरात एक शिट्टी वाजली नाही. बाहेर आल्यावर मात्र पोरं चवताळली. "हीरोला मारतात का कुठे? कोण तो रायटर, बोलवा त्याला!" तेव्हा हे त्यांच्यासमोर उभे राहून ओरडले होते, "अरे येड्यांनो, परत आला नाही म्हणूनच तो एवढा मोठा!" अशी गोष्ट आपल्याकडे कुणी सांगितली नव्हती, अन्नय्या. मी तुझी बहीण नंतर, आधी तुझी चाहती झाले ती त्या दिवशी.

मागच्या उन्हाळ्यात हे दुकानात बसल्या बसल्या गेले. तू आला होतास, अस्थी गोदावरीत सोडताना यामिनीला कडेवर तूच घेतलं होतंस. पण तू गेल्यानंतरचं तुला ठाऊक नाही. ती रडलीच नाही. रोज संध्याकाळी पायरीवर बसायची आणि विचारायची, "नान्ना कधी येणार?" तिच्या आजीने, अत्तम्मांनी, सांगितलं, नान्ना देवाच्या गावाला गेलेत. तर म्हणाली, "मग तिथून गाडी कधी सुटते?" जेवण तुटलं, अंगात ताप राहायला लागला. मग एका रविवारी टीव्हीवर 'पोलय्या' लागला. मी बंद करायला उठले, तिने हात धरला. शेवट झाला. हात तसाच धरून म्हणाली, "तो परत नाही येणार?" मी म्हटलं, नाही. "नान्ना पण?" मी म्हटलं, नाही गं. तेव्हा ती जी रडली, ती माझ्या मांडीवरच झोपली. उठल्यावर डाळीचा पप्पू-भात मागून जेवली. आमच्या घरातल्या कुणालाही जे सांगता आलं नाही, ते तुझ्या गोष्टीने सांगितलं. तेव्हापासून देवघरातल्या दिव्याला हात जोडले की तुझं नाव आपोआप यायचं.

दुसरा भाग आला, पोलय्याच्या तरुणपणीचा. चार मारामाऱ्या आणि दोन गाणी जास्त, बाकी काही नाही. पण त्यात कुणाचं काही बिघडलं नव्हतं. मला धास्ती तेव्हाही वाटली होती, पण ती वेगळी. संक्रांतीला तू बहिऱ्या डोलू वाजवणाऱ्याची गोष्ट सांगितलीस, मी पुलिहोऱ्याचा चिंचेचा भात कालवता कालवता रडले, आणि तू हसत म्हणालास, "निर्माता म्हणतो, गोष्ट झकास आहे, पण हिचा भाग दोन निघतो का ते आधी सांगा." आम्ही सगळे हसलो. मला मात्र त्या हसण्यात गलबलून आलं. जो तो कशाचा तरी दुसरा, तिसरा भाग काढतोय. नवं माणूस, नवं दुःख पडद्यावर दिसेनासंच झालंय. चौकातल्या चहावाल्याकडेही पोरं टवाळी करतात, "बघा हां, पुढच्या भागात पोलय्याची मेलेली म्हैस उठणार, तिच्या पुढच्यात तिचं रेडकू हीरो!"

म्हैस नाही उठली. पोलय्याच उठला. तिसऱ्या भागाच्या त्या टीझरमध्ये लाल पुराचं पाणी फाडून एक हात वर येतो, त्यातलं पोलय्याचं तांब्याचं कडं दिसतं, आणि मागून मुलीचा आवाज, "नान्ना, मला माहीत होतं तू येणार." सगळं शहर नाचलं. फटाके फुटले. यामिनीने शेजारच्यांच्या फोनवर ते पाहिलं आणि धावत घरात आली. तिचा चेहरा इतका उजळला होता की मी हातातलं काम टाकून उठले. "अम्मा, पोलय्या परत आला! मामय्याने परत आणला!" मी तिला जवळ घेऊन म्हटलं, सिनेमा खोटा असतो, बाळा. तिने माझ्याकडे अगदी शांतपणे पाहिलं. म्हणाली, "मग पहिल्या भागातलं मरणंही खोटंच होतं ना?"

तू लिहिणारा आहेस, याचं उत्तर तुला तरी येतं का?

गेल्या मंगळवारी सकाळी ती शाळेत गेली म्हणून मी निर्धास्त होते. फुलं विकणारी मंगतायारू धापा टाकत दारात आली. "अम्मा, लवकर चल, तुझी पोर घाटावर..." पुढचं मी ऐकलं नाही. गोदावरीचं पाणी चढलेलं होतं, घाटाच्या निम्म्या पायऱ्या बुडालेल्या, लाल पाणी गरगर फिरत चाललेलं. एका नावाड्याने यामिनीला बगलेत धरलं होतं. ती कमरेपर्यंत भिजलेली, आणि छातीशी तिच्या नान्नांचा इस्त्रीचा पांढरा शर्ट आणि पंचा. नावाडी मला ओरडला, "पोरीला सांभाळता येत नाही का हो? अजून एक पायरी उतरली असती तर मलाही सापडली नसती!" यामिनी मात्र घाबरली नव्हती. मला समजावल्यासारखं म्हणाली, "नान्ना ओले असतील ना वर आल्यावर. कोरडं काहीतरी नको का?"

मी तिला मारलं नाही, रागावलेही नाही, कडेवर घेतलं. ती कडेवरून पाण्याकडे बोट दाखवून म्हणाली, "अम्मा, तो बघ हात!" एक फांदी वाहत चालली होती. अन्नय्या, मी बघितलं. फांदी आहे हे दिसत असूनही मी पायरी उतरले. पाणी माझ्या घोट्याला लागलं तेव्हा मंगतायारूने माझा पदर मागून ओढला. तेव्हापासून मला यामिनीची जेवढी भीती वाटते, तेवढीच माझी स्वतःची वाटते.

सिनेमा थांबव असं मी म्हणणार नाही. तो आता तुझ्या हातात नाही, मला कळतं. पण लोक म्हणतात तिसरा भाग दसऱ्याला लागणार, आणि तू आम्हा दोघींना पहिल्या खेळाला मंचावर बोलवणार आहेस. आम्ही येणार नाही. त्याआधी तू इकडे ये. शूटिंग सोडून ये, निर्मात्याला काहीही सांग. यामिनीजवळ बस आणि तुझ्या तोंडाने तिला सांग की तुझ्या गोष्टीतला पोलय्या त्या पुरात मेला, खरोखर मेला, आणि नंतरचं तुझ्याकडून लिहून घेतलेलं आहे. माझं ती ऐकत नाही. पोलय्याला जन्म देणाऱ्याचं ऐकेल. आणि ते सांगशील तेव्हा मलाही शेजारी बसवून घे. मलाही ते तुझ्याच तोंडून ऐकायचंय.

तुझ्या वाटेकडे डोळे लावलेली,
तुझीच वाणी